पोफळीच्या सावलीतला कारिवणा

मुरुडला येणारा पाहुणा राजपुरीच्या धक्क्यावरून होडीत बसतो, जंजिरा पाहतो, मासळीचे जेवण जेवतो आणि नांदगाव-काशिदच्या रस्त्याने परत जातो. रस्त्यालगतच्या वाड्यांत तो सहसा शिरत नाही. नारळी-पोफळीच्या या वाड्यांना पाटाने पाणी देतात. पाटाच्या ओलसर कडेला, जिथे ऊन गाळून येते, तिथे जमिनीसरशी पसरणारी एक वनस्पती आढळते. पाने गोलसर, कडा कातरलेल्या, देठ लांब, आणि प्रत्येक पेराशी नवी मुळे. कोकणात तिला कारिवणा म्हणतात. संस्कृत ग्रंथांतली मंडूकपर्णी ती हीच. पुष्कळ ठिकाणी तिला ब्राह्मीही म्हणतात, पण जलनिंब नावाची दुसरी ब्राह्मी वेगळ्या कुळातली आहे. शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका.

पायाखाली तुडवला जाणारा हा कारिवणा आज कोरियन आणि फ्रेंच प्रसाधनांच्या बाटल्यांवर ‘सिका’ या नावाने मिरवतो. आणि सध्याच्या नव्या लाटेत, म्हणजे ‘लाँजेव्हिटी’ (दीर्घायुष्य) प्रसाधनांच्या लाटेत, त्याला मानाचे स्थान आहे. या लाटेचा दावा जुन्या क्रीमपेक्षा मोठा आहे. पूर्वीची क्रीम सुरकुती झाकत असे. नवी म्हणते की मी त्वचेच्या पेशीचे म्हातारपणच लांबवते. या दाव्यामागे खरे शास्त्र आहे. कार्लोस लोपेझ-ओतिन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली वार्धक्याची नऊ लक्षणे पेशींच्या पातळीवर मांडली आणि २०२३ मध्ये ती बारा केली. डीएनएची झीज, मायटोकाँड्रियाची मंदगती, विभाजन थांबवूनही न मरणाऱ्या आणि शेजारच्या पेशींना त्रास देणाऱ्या जराग्रस्त पेशी ही त्यांतली काही. प्रसाधन कंपन्यांनी ही यादी समोर ठेवली आणि एकेका लक्षणासाठी एकेक द्रव्य शोधायला सुरुवात केली.

मात्र अशा याद्यांचा पहिला मान आपल्याकडे जातो. चरकसंहितेत औषधी द्रव्यांचे पन्नास गट सांगितले आहेत. त्यांतला शेवटचा गट ‘वयःस्थापन’. त्यात दहा वनस्पती आहेत: गुळवेल, हिरडा, आवळा, जीवंती, शतावरी, पुनर्नवा अशी ओळखीची मंडळी, आणि त्यांच्यातच मंडूकपर्णी. जाहिरातदारांना हा गट फार आवडतो. पण चरक ही द्रव्ये पोटात घ्यायला सांगतो, तीही आहार, दिनचर्या आणि शोधन यांच्या चौकटीत. त्यावरून गालाला लावायच्या जेलपर्यंत मारलेली उडी चरकाच्या नावावर टाकणे बरे नव्हे.

कोकणचा वापर मात्र त्वचेच्या जवळचा होता. मुंबई सरकारच्या औषधभांडाराचे प्रमुख विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन आणि हूपर यांच्यासोबत ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा तीन खंडांचा ग्रंथ १८९० च्या सुमारास प्रसिद्ध केला. त्यात कोकणातल्या दोन चालींची नोंद आहे. तोतरेपणा जावा म्हणून रोज सकाळी कारिवण्याची एक-दोन पाने खायला देत, आणि उष्णतेने उठलेल्या पुरळावर त्याचा रस लावत. पहिल्या उपायाबद्दल न बोललेले बरे. दुसऱ्याला मात्र पुढे प्रयोगशाळेत पुरावा मिळाला, आणि तोही हिंदी महासागराच्या पलीकडे, मादागास्करमध्ये.

तिथे हीच वनस्पती कुष्ठरोग्यांच्या जखमांवर वापरली जात होती. १९४१ साली तिच्यातून एशियाटिकोसाइड हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. पियेर बोआतो आणि सहकाऱ्यांनी त्याच्या कुष्ठरोगावरील उपयोगाचा पाठपुरावा केला आणि त्याच्या रासायनिक रचनेवर १९४९ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिले. कुष्ठरोगाला अखेर हरवले ते सल्फोन वर्गातल्या औषधांनी, कारिवण्याने नव्हे. पण जखमा लवकर आणि नीट भरतात हे निरीक्षण टिकले, आणि त्यातूनच ‘मॅडेकासोल’ हे मलम निघाले. कोरियात आजही त्याचा मोठा खप आहे. कोरियन प्रसाधनांना कारिवण्याचे वेड लागले ते या मलमाच्या वाटेने.

हे काम कसे होते ते समजायचे तर त्वचेच्या आत डोकावावे लागेल. बाह्यत्वचेखाली जो जाड थर असतो, त्याच्या कोरड्या वजनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग कोलॅजन या प्रथिनाचा. काथ्याच्या दोराप्रमाणे त्याचे बारीक तंतू एकमेकांत पिळलेले असतात आणि सारा ताण तेच पेलतात. हे तंतू विणणाऱ्या पेशींना फायब्रोब्लास्ट म्हणतात. कारिवण्यातली एशियाटिकोसाइड, मॅडेकासोसाइड आणि त्यांची भावंडे या पेशींना पहिल्या प्रकारचे कोलॅजन जास्त बनवायला लावतात, असे पेशीसंवर्धनात दिसले आहे. माणसांवरही थोडे काम झाले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत वीस स्त्रियांनी ५ टक्के क जीवनसत्त्व आणि ०.१ टक्के मॅडेकासोसाइड असलेले क्रीम सहा महिने लावले. सुरकुत्या आणि त्वचेचा घट्टपणा यांत सुधारणा मोजता आली. पण क जीवनसत्त्व स्वतःच कोलॅजनच्या घडणीला लागते, तेव्हा श्रेय कोणाला किती द्यायचे? जाहिरातीत हा प्रश्न कधी विचारला जात नाही.

आता एक चकित करणारी गोष्ट. त्वचेतल्या कोलॅजनचे अर्धायुष्य सुमारे पंधरा वर्षे मोजले गेले आहे. म्हणजे आज चेहऱ्यात जे कोलॅजन आहे, त्यातले निम्मे पंधरा वर्षांनीही तेच असेल. इलास्टिन तर त्याहूनही दीर्घायुषी. बालपणी विणले गेलेले इलास्टिन माणसाला जवळजवळ जन्मभर पुरते. ‘चार आठवड्यांत तारुण्य’ असे वाचले की हे आकडे आठवावेत. चार आठवड्यांत बदलतो तो बाह्यत्वचेचा थर. त्यात पाणी टिकले, तो थोडा जाड झाला, की त्वचा भरलेली दिसते. तेही खोटे नसते, पण ते दीर्घायुष्य नव्हे.

वाडीतल्या दुसऱ्या झाडाकडे वळू. मुरुड-श्रीवर्धनचा रोठा, म्हणजे इथल्या पोफळीची सुपारी, प्रसिद्ध आहे. पोफळीसाठी कोकण कृषी विद्यापीठाचे खास संशोधन केंद्र श्रीवर्धनला आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या पोफळी झोपवल्या. लागवडीनंतर फळ धरायला पाच-सात वर्षे लागत असल्याने ते नुकसान एका हंगामाचे नव्हते. ही सुपारी प्रसाधनशास्त्राच्या वाटेला येईल असे कुणाला वाटले नसेल, पण आली. १९९९ साली कोरियन संशोधकांनी सुपारीच्या अर्कावर वार्धक्यरोधक द्रव्य म्हणून निबंध लिहिला. सुपारीतली फिनॉल वर्गातली संयुगे इलास्टिन तोडणाऱ्या विकराला रोखतात, असे त्यांना परीक्षानळीत आढळले. कारिवणा नवे विणायला लावतो, तर सुपारीचा अर्क जुने तोडू देत नाही. दोन्ही बाजू पक्क्या झाल्या, मग चिंता कसली?

चिंता तोंडात आहे. मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली काही रुग्णांचे वर्णन केले. त्यांच्या टाळूचा आणि घशाच्या कडांचा मऊ पडदा पांढरा, ताठ, दोरीसारखा झाला होता. तोंड पुरते उघडत नव्हते. आदल्याच वर्षी केनियातल्या भारतीय स्त्रियांमध्ये श्वार्ट्झ यांनी असाच आजार नोंदवला होता. १९६६ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ येन्स पिंडबोर्ग आणि मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट यांनी या आजाराचा सविस्तर आढावा घेतला. आज त्याला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात, आणि मुख्य कारण आहे सुपारी. गुटखा आल्यापासून तो तरुणांमध्येही बोकाळला.

हा आजार कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. सुपारीतले अरेकोलीन फायब्रोब्लास्टना कोलॅजन बनवायला उद्युक्त करते. सुपारीतल्या तांब्यामुळे लायसिल ऑक्सिडेझ हे विकर जोमाने काम करते आणि तंतूंना एकमेकांशी घट्ट जोडते. टॅनिन आणि कॅटेचिन तंतूंवर असे बसतात की कोलॅजन तोडणाऱ्या विकराला ते तोडताच येत नाहीत. प्रसाधनाच्या माहितीपत्रकात छापायला लायक असे तिन्ही गुण इथे एकत्र आहेत: कोलॅजन वाढते, मजबूत होते, टिकते. आणि परिणाम म्हणून माणसाला घासही घेता येत नाही, काहींना पुढे कर्करोग होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखूशिवायच्या सुपारीलाही, निश्चित कर्करोगकारकांच्या गटात घातले.

त्वचेच्या तारुण्याबद्दल सुपारी जे शिकवते, ते कुठल्याच बाटलीवर लिहिलेले नसते. तरुण त्वचेचे रहस्य कोलॅजनच्या ढिगात नाही. मोडतोड आणि नवी घडण यांच्या तोलात आहे. म्हणून ‘कोलॅजन वाढवते’ एवढ्याने द्रव्य चांगले ठरत नाही. कुठे वाढवते, किती, आणि जुने काढले जाते की नाही, हे विचारावे लागते.

दोन्ही बाजू सांभाळणारे द्रव्य म्हणून ज्याचे नाव पुराव्यानिशी घेता येते ते रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाचे कुटुंब. अमेरिकी त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी ट्रेटिनॉइन आधी मुरुमांवर वापरले. वयस्क रुग्णांच्या सुरकुत्याही कमी झाल्याचे दिसल्यावर १९८६ मध्ये उन्हाने म्हाताऱ्या झालेल्या त्वचेवरचा निबंध प्रसिद्ध झाला. रेटिनॉइड कोलॅजन तोडणाऱ्या विकरांना आवर घालते आणि नवे कोलॅजनही बनवायला लावते. अडचण एवढीच की त्वचा सोलते, झोंबते, आणि गरोदरपणात ते टाळावे लागते.

या अडचणीवरचा उपाय म्हणून जे द्रव्य गेल्या काही वर्षांत जगभर गाजले, त्याचा जन्मदाखला पुण्याचा आहे, हे मराठी वाचकांनाही फारसे ठाऊक नाही. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव यांच्या हाताखाली नैसर्गिक द्रव्यांवर मोठे काम चाले. १९६६ मध्ये गोवर्धन मेहता, यू. आर. नायक आणि सुख देव यांनी बावचीच्या बियांतून मिळालेल्या एका फिनॉल संयुगाची माहिती प्रसिद्ध केली. बावचीच्या बाकुची या नावावरून ते बाकुचिऑल झाले. त्या काळी तो शुद्ध रसायनशास्त्राचा विषय होता. सुरकुत्यांचे नावही कुणाच्या मनात नव्हते. चाळीसेक वर्षांनी, २००७ मध्ये, सायथिऑन या अमेरिकी कंपनीने ते प्रसाधनासाठी बाजारात आणले. २०१४ मध्ये कंपनीचे रतन चौधुरी यांनी दाखवले की बाकुचिऑलची रचना रेटिनॉलशी मुळीच जुळत नाही, तरी त्वचेतली पुष्कळशी तीच जनुके ते जागी करते. पुढे ४४ जणांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली. ०.५ टक्के बाकुचिऑल दिवसातून दोनदा आणि ०.५ टक्के रेटिनॉल एकदा, अशी तुलना होती. सुरकुत्या आणि डाग दोन्हींत सारखेच कमी झाले. सोलणे आणि झोंबणे रेटिनॉलमध्ये जास्त होते. चव्वेचाळीस हा आकडा लहान आहे हे खरे, पण या क्षेत्रात अनेक द्रव्यांच्या वाट्याला तेवढेही येत नाही.

इथे एक इशारा अत्यावश्यक. बावचीच्या बीत सोरालेनही असते. ते त्वचेला उन्हाबाबत कमालीचे हळवे करते. कोडावरच्या उपचारात बावची लावून उन्हात बसवतात ते त्याचमुळे. शुद्ध बाकुचिऑलमधून सोरालेन काढलेले असते. कच्चे बावची तेल चेहऱ्याला लावून मुरुडच्या पुळणीवर फिरायला गेलेल्याला तारुण्य नव्हे, फोड मिळतील.

दीर्घायुष्याच्या बाजारात सध्या सर्वाधिक उच्चारले जाणारे अक्षरत्रय आहे एनएडी. पेशीत ऊर्जा निर्माण व्हायला आणि डीएनएची डागडुजी व्हायला हे सहविकर लागते, आणि वयाबरोबर अनेक ऊतींत ते कमी होते. ते बनवायला लागणारा कच्चा माल म्हणजे नायसिनामाइड, बी-३ जीवनसत्त्वाचे एक रूप. एनएडी कमी पडल्यावर त्वचेचे काय होते ते दख्खनने फार पूर्वी पाहिले आहे. १९६० च्या सुमारास हैदराबादला सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी जवळजवळ केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमधल्या पेलाग्राचा अभ्यास केला. ज्वारीतल्या ल्युसिनमुळे हा आजार होतो असा त्यांचा कयास होता. त्यावर पुढे बराच वाद झाला. पण रुग्णांची त्वचा सर्वांना दिसत होती. मान, मनगटे, पावलांची वरची बाजू, जिथे ऊन लागते नेमकी तिथेच ती काळी, खरखरीत होऊन भेगाळते. डागडुजीचा माल संपल्यावर ऊन काय करते, त्याचा हा नकाशाच.

उलट बाजूही तपासली गेली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत, आधी त्वचेचा कर्करोग झालेल्या ३८६ जणांना वर्षभर रोज दोनदा ५०० मिलिग्रॅम नायसिनामाइड पोटातून दिले. मेलानोमा सोडून इतर नवे त्वचाकर्करोग २३ टक्क्यांनी कमी झाले. लावायच्या क्रीममध्ये ५ टक्के नायसिनामाइडने डाग आणि बारीक रेषा थोड्या कमी होतात, हेही दाखवले गेले आहे. औषधाच्या दुकानात ते स्वस्त मिळते. याच्याशी नाते सांगणाऱ्या महागड्या रेणूंपैकी त्वचेवर लावून याहून सरस ठरल्याचा भक्कम पुरावा असलेला एकही माझ्या पाहण्यात नाही.

बाकीच्यांचे थोडक्यात. द्राक्षाच्या सालीतल्या रेस्व्हेराट्रॉलने २००३ मध्ये यीस्टचे आयुष्य वाढवल्याचे प्रसिद्ध झाले, २००८ मध्ये त्यावर काम करणारी कंपनी ७२ कोटी डॉलरला विकली गेली, आणि पाच वर्षांत ते दुकान आवरले गेले. डाळिंबाशी जोडलेल्या युरोलिथिन ए या द्रव्याचे सध्या बरेच कौतुक आहे; पण ते सोलापूरच्या डाळिंबात तयार सापडत नाही, आतड्यातले जीवाणू ते बनवतात, आणि प्रत्येकाच्या आतड्यात असे जीवाणू असतातच असे नाही.

रॅपामायसिनची गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी. १९६४ मध्ये कॅनडाची मोहीम ईस्टर बेटावर गेली आणि तिथली माती घेऊन आली. त्या मातीतल्या जीवाणूपासून मॉन्ट्रियलच्या आयर्स्ट प्रयोगशाळेत सुरेन सहगल यांनी १९७२ मध्ये हे द्रव्य वेगळे केले. कंपनीने काम बंद केल्यावर सहगलांनी जीवाणूचा नमुना घरच्या फ्रीझरमध्ये जपला. २००९ मध्ये कळले की ते प्रौढ वयात दिले तरी उंदीर जास्त जगतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाने चाळिशीवरच्या काही लोकांच्या एका हाताला रॅपामायसिनचे क्रीम आणि दुसऱ्या हाताला नुसते क्रीम लावले. आठ महिन्यांनी औषधाच्या हातावर जराग्रस्त पेशींची खूण असलेले पी-१६ प्रथिन कमी आढळले. लाँजेव्हिटी या शब्दाला खऱ्या अर्थाने पात्र अशी ही चाचणी, पण फारच छोटी. शिवाय रॅपामायसिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे, चिठ्ठीवर मिळणारे औषध आहे. प्रसाधन म्हणून ते विकता येत नाही. आपल्या १९४० च्या औषध आणि प्रसाधन कायद्यात प्रसाधन म्हणजे स्वच्छ करणारे, सुंदर करणारे, रूप बदलणारे. म्हणून बाटल्यांवर सुरकुत्या ‘कमी दिसतात’ असे लिहितात, ‘कमी होतात’ असे सहसा नाही.

मोडतोड आणि घडण यांच्या तोलात मोडतोडीचे पारडे सर्वांत जोराने खाली ओढणारा सूर्य अर्थातच मुरुडच्या डोक्यावर आहे. १८ अंश अक्षांशाच्या थोडे वर असलेल्या या गावात मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी थेट माथ्यावर येतो. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळे टोपीखालचा चेहराही सुटत नाही. मिशिगन विद्यापीठाचे गॅरी फिशर आणि जॉन वूरहीस यांनी १९९० च्या दशकात दाखवले की अंग भाजणार नाही इतक्या थोड्या अतिनील प्रकाशानेही कोलॅजन तोडणारी विकरे त्वचेत वाढतात. २०१२ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचे छायाचित्र छापून आले. २८ वर्षे खिडकीतून ऊन खाल्लेली त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी होती. अलिबाग-मुरुड मार्गावरच्या एसटी चालकाची उजवी बाजू पाहावी, कारण आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो.

आपल्या सावळ्या वर्णातले मेलॅनिन सुरकुत्या उशिरा आणते, हे भाग्यच. पण त्याची किंमत डागांत चुकवावी लागते. कोकणातल्या चाळिशीच्या बाईची पहिली तक्रार सुरकुती नसते, वांग असतो. वांगाला अतिनील किरणांखेरीज दृश्य प्रकाशही कारण होतो, आणि साधे सनस्क्रीन तो अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड घातलेले, रंगाची छटा असलेले सनस्क्रीन लागते. ही साधी गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते.

त्वचेचे म्हातारपण लांबवण्याची सर्वांत भक्कम चाचणी झाली ऑस्ट्रेलियाच्या नॅम्बूर गावात. ५५ वर्षांखालचे ९०३ जण, साडेचार वर्षे. काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितले, इतरांना मर्जीप्रमाणे. त्याचबरोबर काहींना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, काहींना बनावट गोळ्या. निकाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वय या काळात मोजण्याइतके वाढलेच नाही. दुसऱ्या गटापेक्षा त्यांच्यात त्वचेची जीर्णता २४ टक्क्यांनी कमी होती. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनी एकंदरीत काहीच फरक पडला नाही.